नाशिक जिल्ह्यात पहिल्यांदाच येतोय: गावाकडचे फोटो कुठे आणि कसे शोधू?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी आठवडाभर नाशिकला येतोय. धाकटी बहीण बदलीमुळे नाशिकरोडला राहायला गेली आहे, तिच्याकडे मुक्काम. भावोजींची मोटरसायकल मिळेल.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडची गुऱ्हाळं, म्हशींचे गोठे, तालमी, नदीचे घाट लहानपणापासून पायाखालचे. कुठल्या गुऱ्हाळावर चुलवाणाचा उजेड माणसांच्या तोंडावर चांगला पडतो, कुठले आजोबा कॅमेरा पाहिला की ताठ बसतात आणि कुठले आपल्या कामातून मान वर करत नाहीत, हे ठाऊक असतं. त्यामुळे फोटो मिळतात. नाशिककडचं मला यातलं काहीच माहीत नाही. नेटवर शोधलं तर त्र्यंबकेश्वर, पंचवटी, वाईन आणि किल्ले एवढंच पुढे येतं.

मला कामात असलेली माणसं हवी आहेत. शेत, बाजार, कारागीर, जनावरं. देवळं आणि सूर्यास्त या खेपेला नकोत. तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जानेवारीत कुठल्या तालुक्यात काय बघायला मिळेल? आणि अनोळखी मुलखात तुम्ही विषय शोधता तरी कसे? सामान म्हणाल तर एक कॅमेरा, ३५ मिमीची लेन्स आणि लांबच्यासाठी ७०-२०० मिमीची झूम.

चहाबाज

लासलगाव. ते झालं की परत लासलगाव. बाकीचं मग बघू.

निफाडकर

चहाबाजांना +१, पण थोडं सविस्तर लिहितो, कारण मी त्याच तालुक्यातला.

ठिकाणांची यादी करत बसू नका. ज्या दिवशी याल त्या दिवशी कुठल्या पिकाचं काय काम चाललंय ते विचारा आणि त्या पिकाच्या मागे जा. एकच पीक रोपापासून ट्रकपर्यंत धरलंत की माणसं, अवजारं, गाड्या, बाजार, घरं सगळं त्याच्या मागोमाग येतं.

जानेवारीचा शेवट त्यासाठी उत्तम. कांद्याच्या दोन टोकांची कामं तेव्हा शेजारी-शेजारी चालू असतात. एका शेतात लाल कांदा काढून, पात कापून ढीग लावलेले असतात आणि बांधापलीकडे उन्हाळ कांद्याची उशिराची लागवड चालू असते. बायका ओळीने वाकून वाफ्यात रोप लावताना दिसतील. रोप उपटून जुड्या बांधून देणारी मंडळी वेगळी, पाणी भरणारा वेगळा. सकाळी नऊच्या आत गेलात तर ओल्या वाफ्यांत आभाळ दिसतं.

नंतर तोच कांदा बाजार समितीत बघा. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, विंचूर, कुठेही. ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात, व्यापारी आणि समितीची माणसं घोळक्याने एकेका वाहनापाशी येतात, कांदा हातात घेऊन बघतात, क्विंटलचा भाव पुकारला जातो आणि घोळका पुढे सरकतो. एका वाहनाला लागतो तो वेळ मिनिटाच्याही आतला. शेतकरी ट्रॉलीवर उभा असतो. घोळका येण्याआधीचा त्याचा चेहरा आणि भाव कळल्यानंतरचा चेहरा, मला विचाराल तर अख्ख्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा विषय तोच आहे. चार महिन्यांची मेहनत त्या मिनिटात ठरते. तिथे जाल तेव्हा हे ध्यानात ठेवूनच कॅमेरा वर करा. भाव पडलेले असतील तर लोकांच्या तोंडासमोर लेन्स नेऊ नका, शिव्या बसतील आणि त्या रास्त असतील.

लिलावानंतर कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. तिथलं काम फार कमी लोक टिपतात. पत्र्याची मोठी शेड, आत कांद्याचे डोंगर, बायका बसून प्रतवारी करतात, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, खराब माल वेगळा, मग गोण्या भरून शिवायच्या. फोलपटं हवेत उडत असतात आणि शेडच्या उघड्या बाजूने ऊन आत येतं. तुमची ३५ ची लेन्स तिथे न्या. मालकाची परवानगी आधी घ्या आणि काम करणाऱ्या बायकांनाही विचारा. मालक हो म्हणाला म्हणजे त्यांनी हो म्हटलं असं होत नाही.

मृगनक्षत्र

वा, निफाडकर. वाचनखूण साठवली.

द्राक्षांचंही लिहा की.

निफाडकर

द्राक्षं म्हणजे निफाड, दिंडोरी, थोडी नाशिक आणि चांदवडची बाजू. ऑक्टोबर छाटणीच्या बागा जानेवारीपासून काढणीला येऊ लागतात. तेव्हा बागेत हिरवा उजेड असतो, माणसांच्या तोंडावर तो रंग उतरतो, त्यामुळे रंगीत फोटोत व्हाइट बॅलन्स जपा. कृष्णधवल करणार असाल तर प्रश्नच नाही. काही बागांत घडांना कागद गुंडाळलेले दिसतील. कडाक्याची थंडी आणि दिवसाचं ऊन यांच्या फरकाने मणी गुलाबी पडतात, ते टाळायला कागद लावतात. मांडवाखाली पांढऱ्या कागदांच्या रांगाच रांगा असतात.

थंडीची लाट आली तर पहाटे चार-पाचला उठायची तयारी ठेवा. निफाडचा पारा कडाक्याच्या दिवसांत पाच-सहा अंशांवर उतरतो. मग शेतकरी बागांतून शेकोट्या पेटवतात, धूर करून घडांना ऊब देतात, कुणी रात्री पाणी सोडतात. अंधार, मांडव, खाली धुराचा थर आणि मफलर गुंडाळलेली माणसं. तिवई आणा.

एक महत्त्वाचं: परदेशी जाणारा माल असेल तर बागायतदार बाहेरच्या माणसाला आत घ्यायला कचरतो. फवारणीच्या नोंदी, स्वच्छता, तपासण्या, सगळं काटेकोर असतं. नको म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. पॅकिंगच्या शेडबाहेर थांबून विचारा, बहुतेक जण चहा पाजून आत नेतात.

रानवाटा

निफाडला येताय तर नांदूर मध्यमेश्वर चुकवू नका! गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा जलाशय. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. हिवाळ्यात स्थलांतरित बदकं, करकोचे, कधी रोहित (फ्लेमिंगो). चापडगावच्या बाजूने वनखात्याचे मनोरे आहेत.

पंचगंगाकाठ

रानवाटा, आभार. पण पक्ष्यांसाठी २०० ची लेन्स अपुरी पडेल ना?

रानवाटा

पक्ष्यांच्या जवळच्या फोटोंसाठी पडेलच. पण तुमचा विषय माणसं. जलाशयाच्या कडेच्या गावांत पाण्यापर्यंत शेतं आहेत. धुक्यात बैलगाडी किंवा गवताचा भारा घेऊन निघालेली बाई आणि मागे पाण्यावर हजारो पक्षी, असा फोटो २०० ने व्यवस्थित येतो. सूर्य वर यायच्या आत पोचा. अभयारण्य आहे, तेव्हा आवाज, धावपळ नको आणि पक्षी उडवायला टाळ्या तर अजिबात नकोत. तसे लोक दर रविवारी येतात, बघून जीव जळतो.

छायाप्रकाश

मी थोडं वेगळं सुचवतो. वेळ कमी असेल तर शोधाशोध करण्यापेक्षा ठरवून फोटो घ्यावेत. ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून बैलजोडी, नांगर, धोतर-फेटा घातलेले आजोबा, शेणकुटाचा धूर अशी व्यवस्था करता येते. मजुरी द्यायची. सकाळच्या उजेडात तासाभरात उत्तम फ्रेम मिळतात. स्पर्धांत बक्षीस मिळवणारे कितीतरी फोटो असेच घेतलेले असतात. त्यात गैर काय? चित्रकार मॉडेल बसवतोच.

जुनी_रीळ

छायाप्रकाश, तुमच्याशी माझं पटत नाही आणि का ते सांगतो.

मॉडेल बसवण्यात गैर काहीच नाही, मॉडेल बसवलंय असं फोटोखाली लिहिलं तर. पण ते लिहिलं जात नाही. मग बघणाऱ्याला वाटतं निफाडचा शेतकरी आजही फेटा बांधून लाकडी नांगर हाकतो. तो प्रत्यक्षात टी-शर्ट घालून, छोट्या ट्रॅक्टरवर बसून, फोनवर बाजारभाव बघत असतो. तो माणूस खरा आहे आणि त्याचे फोटो कुणाकडेच नाहीत. ठिबकच्या नळ्या गुंडाळणारा, शेततळ्याच्या काळ्या कागदावर उभा राहून गाळ काढणारा, रात्रीच्या विजेच्या पाळीत डोक्याला बॅटरी लावून मोटार चालू करायला निघालेला. हेच आजचं खेडं. पन्नास वर्षांनी लोक हेच फोटो शोधतील.

आता धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. अनोळखी मुलखात मी पहिल्यांदा आठवडे बाजार शोधतो. प्रत्येक मोठ्या गावाचा वार ठरलेला असतो, तुमच्या बहिणीच्या भाजीवाल्यालासुद्धा ते वार पाठ असतील. नाशिक शहरातच गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो, तिथून सुरुवात करा. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या बायका भाजी घेऊन बसलेल्या असतात. काहीतरी विकत घ्या, बसा, विचारा, "कुठलं गाव? कशानं आलात?" ज्या गावाचं नाव ऐकून कुतूहल वाटेल तिथे दुसऱ्या दिवशी जा. तिथे गेल्यावर एक ओळखीचं माणूस असतं, म्हणजे तुम्ही परके राहात नाही.

दुसरं, मोटरसायकल असली तरी एखाद्या दिवशी एसटीने जा. मुक्कामी गाडी, सकाळची शाळेची गाडी, बाजारची गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर म्हणजे त्या रस्त्यावरचा चालता बोलता कोश. कुठल्या गावात यात्रा आहे, कुठे सप्ताह बसलाय, कुठे बैल बाजार आहे, सगळं त्यांना माहीत.

तिसरं, पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीत असू द्या, पण दिसेल असा. लपवून नेलेला कॅमेरा नंतर बाहेर निघाला की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. दिसत असला की लोक स्वतःच विचारतात.

अंधारखोली

जुनी_रीळ यांच्या प्रतिसादाला +१. त्यात एकच भर: छापील फोटो द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो फोनमध्ये हरवतो. पोस्टकार्ड आकाराचा छापील फोटो भिंतीवर लागतो. शक्य असेल तर मुक्कामातच नाशिकमध्ये छापून दुसऱ्या फेरीत नेऊन द्या. दुसऱ्या फेरीत मिळणारे फोटो पहिलीपेक्षा फार वेगळे असतात, अंगणातून माणूस स्वयंपाकघरात जातो.

पेठ_हरसूल

वरचे प्रतिसाद चांगले आहेत, पण सगळे बागायती पट्ट्यातले. पश्चिमेचं मी सांगतो, कारण "गावाकडचे फोटो" म्हटलं की कॅमेरेवाले शेवटी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतच येतात. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल वस्तीचा हा भाग. आणि बहुतेक जण एकच फोटो घेऊन जातात: उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरलेली बाई.

पाण्याचे हाल खरे आहेत. इथे पाऊस धो-धो पडतो, पाणी नार, पार, दमणगंगेने पश्चिमेला वाहून जातं आणि मार्चनंतर विहिरी आटतात. ते जगासमोर यायला हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या बाईचा फोटो पेपरात, स्पर्धेत, इन्स्टावर फिरतो तिला कुणी नाव विचारलेलं नसतं. तिला तीन मुली आहेत, ती बचत गटाची अध्यक्ष आहे, तिच्या परसात भाज्यांचा वाफा आहे, यातलं काही त्या फोटोत नसतं. आमच्या भागात उभं आयुष्य आहे. मे महिन्यात शेतात राब भाजतात (रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं), जुलैत गुडघाभर चिखलात आवणी म्हणजे भातलावणी होते, भाताच्या खाचरात अख्खं गाव एकत्र उतरतं, डोंगरउतारावर नागली आणि वरई असते, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं वेचतात. होळीच्या आसपासपासून उन्हाळाभर गावागावांत बोहाडे होतात, लाकडी आणि कागदी लगद्याचे मुखवटे घालून रात्रभर सोंगं नाचतात. ते टिपायला या. आम्ही बोलावू.

जानेवारीत आमच्याकडे शेतात काम कमी. पुष्कळ घरांतली माणसं निफाड-दिंडोरीच्या बागांत मजुरीला गेलेली असतात. निफाडकर म्हणाले पीक धरा, मी म्हणतो त्या पिकावर राबणाऱ्या टोळीतल्या एखाद्या माणसाबरोबर त्याच्या गावाकडे या. द्राक्षबागेतला फोटो आणि पेठ तालुक्यातल्या त्याच्या घराचा फोटो शेजारी ठेवलेत तर नाशिक जिल्हा कळेल.

सुरगाण्याच्या बोरगाव बाजूला जानेवारीत स्ट्रॉबेरी असते. सापुताऱ्याच्या रस्त्यावर पोरं आणि बायका छोट्या खोक्यांत विकायला बसतात. ते जरूर बघा.

आणि एक गंभीर गोष्ट. नवख्या माणसाने पाड्यावर जाऊन थेट लहान मुलांचे फोटो काढायला सुरुवात करू नये. २०१८ साली शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव गेला. तेव्हापासून गावोगाव लोक सावध आहेत आणि बाहेरचा माणूसही सावध असायला हवा. आधी सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटा, शाळेत गुरुजींना भेटा, कोण-कुठला ते सांगा. दहा मिनिटं लागतात. मग तेच लोक तुम्हाला घरोघर नेतात.

मृगनक्षत्र

पेठ_हरसूल, यावर स्वतंत्र लेख लिहा. मनापासून सांगते.

छायाप्रकाश

जुनी_रीळ, फोटोखाली स्पष्ट लिहावं हे तुमचं म्हणणं मान्य. पण मजुरीचं काय? ज्याचा फोटो काढतो त्याला पैसे द्यावेत की नाही? त्याच्या चेहऱ्यावर आपण बक्षिसं मिळवायची आणि त्याला चहासुद्धा नाही, हे मला पटत नाही.

जुनी_रीळ

प्रश्न रास्त आहे. माझा रिवाज असा: कुणाचं काम थांबवलं तर त्या वेळेचे पैसे द्यायचे. काम थांबवलं नाही तर त्याच्याकडची वस्तू विकत घ्यायची, भाजी, तांदूळ, टोपली, काहीही. मुलांच्या हातात पैसे किंवा चॉकलेट अजिबात नाही, पुढच्या माणसाला ती मुलं पैसे मागत मागे धावतात. फोटो विकला गेला तर त्यातला वाटा पोचवायचा.

पेठ_हरसूल

मुलांबद्दल शंभर टक्के सहमत. द्यायचंच असेल तर शाळेत गुरुजींना विचारून सगळ्यांना मिळून द्या.

येवलेकर

कारागीर म्हणालात म्हणून लिहितोय. येवल्याला या. पैठण-येवल्याच्या पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण फोटोसाठी मोठ्या दुकानांत जाऊ नका, तिथे दाखवायला ठेवलेला माग असतो. गावातल्या जुन्या गल्ल्यांतून किंवा शेजारच्या नागड्याला फिरा, घराघरातून मागाचा आवाज येतो. बाहेरच्या खोलीत माग, आतल्या खोलीत संसार. पदर विणताना रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या तिल्ल्या बोटांनी एकेका धाग्यातून फिरवाव्या लागतात, मोर, मुनिया, आसावली अशी नक्षी एकेक ओळीने वर येते. दिवसाला काही बोटंच पदर पुढे सरकतो. उजेड म्हणाल तर खिडकीचा आणि ट्यूबचा मिसळलेला, त्यामुळे ट्यूब थोडा वेळ बंद करता येईल का विचारा, पण विणकराचं काम अडत असेल तर नको.

नवी नक्षी मागावर असेल तर तिचा जवळून फोटो नेटवर टाकू नका. विणकर आधी सांगतातच.

आणि थोडं लवकर आलात तर संक्रांत! भोगी, संक्रांत आणि कर, तिन्ही दिवस सगळं येवलं गच्चीवर असतं. आसारीवर (फिरकीवर) मांजा गुंडाळणारे हात आणि मागे हलकडीचं वाद्य. एकदा पाहिलंत की दरवर्षी याल.

चहाबाज

येवलेकर, धागा खेड्याचा आहे, तुम्ही गच्चीवर चढवलात. :)

येवलेकर

चढवला खरा. पण पतंग उडवणारे निम्मे हात वर्षभर माग चालवणारे असतात, तेव्हा विषय सोडलेला नाही.

डोंगरयात्री

किल्ले नको म्हणालात, तरी साल्हेरचं नाव घेतो. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात साल्हेर आहे. गडावर जाऊ नका हवं तर, पायथ्याच्या वाघांब्याला आणि साल्हेरवाडीला राहा. संध्याकाळी गुरं डोंगरावरून खाली येतात ती वेळ.

सटाण्याची_सून

डोंगरयात्री बागलाणात (सटाणा तालुक्यात) आलेच आहेत तर मी आमच्या फडांबद्दल लिहिते. याविषयी फार कमी लोकांना माहीत आहे आणि फोटो तर जवळजवळ कुणी काढत नाही.

बागलाण आणि धुळ्याच्या बाजूला मोसम, आरम, पांझरा अशा नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत, कित्येक शतकांपूर्वीचे. बंधाऱ्याने पाणी अडवायचं, पाटाने वळवायचं आणि गावाची ओलिताची जमीन मोठ्या तुकड्यांत वाटायची, तो एकेक तुकडा म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं एकच पीक घ्यायचं, ज्याची जमीन त्या फडात असेल त्यालाही तेच. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार, आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. पाणी कमी असेल त्या वर्षी कुठला फड भिजवायचा आणि कुठला कोरडा ठेवायचा, हे गाव बसून ठरवतं. सरकार नाही, मीटर नाही, भांडण झालंच तर पारावर मिटतं.

विहिरी, बोअर आणि वरची धरणं झाल्यावर हे खूप ठिकाणी मोडलं. जिथे शिल्लक आहे तिथेही पाटकरी म्हातारे झाले आहेत आणि त्यांची मुलं हे काम घेत नाहीत. माझे चुलत सासरे पाटावर जायचे तेव्हा खांद्यावर फावडं आणि कंबरेला चुन्याची डबी, बस. पाण्याच्या नुसत्या आवाजावरून कुठे पाट फुटलाय हे सांगायचे. पंचगंगाकाठ, तुम्ही नदीकाठचे आहात, तुमच्या डोळ्याला हे दिसेल. बंधारा, पाट, चाऱ्या (पाटातून फुटणारे छोटे पाट) आणि पाणी वळवणारा माणूस, एवढी साखळी जरी नीट टिपलीत तरी फार मोठं काम होईल. रखडलेल्या गोष्टींवर लेख खूप येतात, चालू असलेल्या गोष्टीचे फोटो कुणी काढून ठेवत नाही आणि मग ती बंद पडली की आपण जुने फोटो शोधत बसतो.

सटाण्यापर्यंत डाळिंबाच्या बागा लागतील, त्याही बघा. अहिराणी येत नसली तरी चालेल, "फोटो कसाले काढस रे भाऊ?" असं कुणी विचारलं तर हसून खरं कारण सांगा, चहा आलाच समजा.

निफाडकर

सटाण्याची_सून, मी इतकी वर्षं जिल्ह्यात राहून फडांवर कधी गेलो नाही. या महिन्यात जातो.

सिन्नरची_माती

जनावरं म्हणालात. सिन्नर, येवला, नांदगाव या कोरड्या बाजूला धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासकट फिरते मुक्काम, दिसतात. सुगीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात मेंढ्या बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. दिवसा मेंढ्या चरायला जातात, कोकरं वाड्यावर वाघरीत (जाळीच्या कुंपणात) राहतात. संध्याकाळी कळप परत आला की शेकडो कोकरं एकदम आपापल्या आईकडे धावतात, दोन-तीन मिनिटं नुसता कल्लोळ. त्या वेळेच्या अर्धा तास आधी जाऊन बसा. घोड्यांवर संसार, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, म्हाताऱ्या आजी, तीन दगडांची चूल. कुत्र्यांपासून जपा, हाक मारल्याशिवाय जवळ जाऊ नका.

वाडा कुठे बसलाय ते कुठल्याही टपरीवर विचारा.

अंधारखोली

तांत्रिक एक: आपल्याकडच्या पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे आणि काळी-सावळी कांती हे उन्हात एका फ्रेममध्ये अवघड जातं. एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, टोपीचा पांढरा गेला की परत येत नाही. चेहरा नंतर उजळता येतो. बाजारात ताडपत्रीच्या सावलीतले चेहरे निळे-पिवळे येतात, तिथे कृष्णधवलचा विचार करा.

गगनभरारी

ड्रोन आणावा का? द्राक्षांचे मांडव वरून सुंदर दिसतील.

डोंगरयात्री

नको. देवळालीला तोफखान्याचं केंद्र, ओझरला विमानतळ आणि विमानांचा कारखाना. मोठा भाग बंदीत येतो. नांदूरला अभयारण्य. परवानगी आणि नकाशे बघितल्याशिवाय पेटीतून काढूच नका.

जुनी_रीळ

आणि खळ्यावर बसलेल्या बायकांच्या डोक्यावर ड्रोन घोंघावलेला मला तरी बघवणार नाही.

वारीची_वाट

कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा असते. बहुतेक वर्षी जानेवारीतच येते, कधी फेब्रुवारीत. आठवडाभर आधीपासून नगर, खानदेश, मराठवाड्याकडून पायी दिंड्या येतात, सिन्नरच्या रस्त्याने, नाशिकमधून त्र्यंबककडे. तुम्ही देवळं नको म्हणालात, पण ही सगळी शेतकरी माणसं आहेत, सुगी सांभाळून निघालेली. मुक्कामाच्या गावात पहाटे थंडीत पाणी तापवणारे, शेताच्या बांधावर वाळत घातलेली लुगडी, ट्रकमधून उतरवलेला स्वयंपाक. एकादशीची तारीख बघून घ्या.

पंचगंगाकाठ

मंडळी, मी भारावून गेलोय. सगळे प्रतिसाद वहीत उतरवले. आता बेत असा:

पहिला दिवस गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार. मग निफाड तालुका, कांदा लागवड, लिलाव, खळं. जमल्यास एका पहाटे शेकोट्या. दोन दिवस बागलाणात फडांसाठी. येवला, आणि परतताना वाटेत वाडा दिसला तर वाडा. पेठ-सुरगाणा, नांदूर आणि साल्हेर. दिंड्या ज्या दिवशी सिन्नर रस्त्यावर असतील तो दिवस त्यांना. कसं वाटतं?

निफाडकर

खूप झालं. निम्मं करा. लागवड, लिलाव, खळं, द्राक्षबाग हे एकाच तालुक्यात तीन दिवस. एकाच घराच्या आसपास राहून केलंत तर उत्तम. माझ्या चुलत्यांची वस्ती आहे, त्यांचा कांदाही आहे आणि बागही. निरोप पाठवतो, व्यक्तिगत संदेशात बोलू. लिलाव त्या दिवशी चालू आहेत का ते आदल्या संध्याकाळी विचारून घ्या, सुट्ट्या आणि बंद मधेच लागतात.

सटाण्याची_सून

निफाडकर बरोबर सांगतात. पण फड वगळू नका हो! बाकी काहीही वगळा.

पेठ_हरसूल

या खेपेला आमच्याकडे येऊ नका. खरंच सांगतो. घाईने एक दिवस येऊन काही दिसणार नाही. जुलैत आवणीला या, चार दिवस राहायला.

मृगनक्षत्र

आणि मिसळ खाऊन या, इतके प्रतिसाद झाले आणि अजून कुणी नाव काढलं नाही!

पंचगंगाकाठ

परत आलो. उशिरा लिहितोय, कारण आधी फोटो छापून पाठवायचे होते. काही इथेही जोडले आहेत.

निफाडकरांच्या चुलत्यांकडेच सगळ्यात जास्त राहिलो. ज्या वावरात बायकांना कांदा लावताना पाहिलं त्याच टोळीतल्या दोघी दुपारनंतर खळ्यावर भेटल्या, तिसरी द्राक्ष काढणीवर. एका पिकाच्या मागे जायचं म्हणजे काय ते तेव्हा उमगलं: माणसं तीच असतात, कामं बदलत जातात. त्यांच्यातल्या एक जण सुरगाणा तालुक्यातल्या. त्यांच्या घरी जाणं या वेळी झालं नाही, पण गाव लिहून घेतलंय.

लिलावात मी पहिली सकाळ कॅमेरा गळ्यात ठेवून नुसता उभा राहिलो. भाव बरा होता, लोक मोकळे होते. दुसऱ्या दिवशी एका काकांनी स्वतः ट्रॉलीवर चढायला हात दिला. घोळका खालून येताना त्यांच्या खांद्यावरून फोटो मिळाला.

बागलाणात एकच दिवस मिळाला. पाट चालू होता, पाणी वळवणारे बाबा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी मला फोटो काढू दिले, पण आधी पाटाच्या कडेने पार बंधाऱ्यापर्यंत चालवत नेलं आणि प्रत्येक चारी कुणाच्या फडाला जाते ते सांगितलं. सटाण्याची_सून, तुम्ही म्हणालात तशी पूर्ण साखळी अजून झालेली नाही. पाऊस सरल्यावर पाटाची डागडुजी होते असं बाबा म्हणाले, तेव्हा गावातली माणसं एकत्र येतात. त्या वेळी यायचं आहे.

सटाण्याची_सून

याच. आणि त्या आधी डागडुजीचा दिवस कधी ठरतो ते मी विचारून कळवते, तो गावाच्या बैठकीत ठरतो.

छायाप्रकाश

खळ्यातला दुसरा फोटो फार आवडला. उजेड कुठून आहे?

पंचगंगाकाठ

शेडची पश्चिमेची बाजू उघडी होती, साडेचारच्या सुमाराचा. बाकी काही केलेलं नाही. त्या काकूंनी फोटो बघून सांगितलं की सुनेला दाखवायला मोठा छापून हवा, तो पाठवला.

केळीचा_घड

उत्तम धागा. मला हीच चौकशी रावेर-यावल-सावदा बाजूसाठी करायची आहे. मी मार्चमध्ये जाणार आहे, केळीच्या कापणीचं आणि भरणीचं काही बघायला मिळेल का? इथेच विचारू की वेगळा धागा काढू?

जुनी_रीळ

वेगळा काढा. सावद्याला रेल्वेत केळी भरतात त्याची माहिती असलेले दोघं-तिघं इथे आहेत, त्यांना हाक मारतो. कुठल्या गावात उतरणार आहात आणि तिकडे कुणी ओळखीचं आहे का, हे पहिल्या प्रतिसादातच लिहा.